पहिली दोन अक्षरं

सोमवार, ६ जानेवारी

आलो एकदाचा! ट्रंक वर चढवताना हमाल मध्येच थांबला आणि आत दगड भरलेत का, असं त्याने विचारलं. दगड नव्हेत बाबा, शाळेची क्रमिक पुस्तकं आहेत, बालपणापासून जपलेली, कवितांच्या पानांवर खुणा केलेली, असं मी सांगितलं. त्यावर त्याने अशा नजरेने पाहिलं, की दगड परवडले असते.

खोली लहान, पण देखणी. खिडकी उगवतीला. खाली अंगण, अंगणात एक निष्पर्ण झाड आणि त्याच्यावर चिमण्यांची भरलेली शाळा. पलंग, टेबल, भिंतीतलं कपाट. म्हाताऱ्याला आणखी काय लागतं? खालच्या मजल्यावर दुकान, म्हणजे माझी नवी नोकरी, आणि वर मी. लोखंडी जिना उतरला की कामावर हजर.

मुलीचं घर इथून जवळच आहे. ती रुसली आहे. वडील त्याच गावात आणि भाड्याच्या खोलीत, लोक काय म्हणतील, हे तिने आल्या आल्या ऐकवलं. मी म्हटलं, लोक म्हणतील म्हातारा हट्टी आहे, आणि लोक काही खोटं बोलत नाहीत. ती हसली नाही. पण जाता जाता पलंगावरच्या चादरीची सुरकुती हाताने साफ करून गेली.

माझी ही गेली तेव्हा पोर परदेशी होती. पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली आहे: एकदा आईचा आवाज ऐकवा. ही लहान वर्गांना शिकवायची, कविता स्वतः रचून म्हणायची, आणि एका चिमुकल्या रेकॉर्डरवर ते सगळं भरून ठेवायची. पुढे ते एका डिस्कवर उतरवलं आणि ती डिस्क मेली. या दुकानात मेलेल्या डिस्कमधून जे निघेल ते काढून देतात. या वयात मी नोकरी धरली ती एवढ्याचसाठी. पोरीला आईचा आवाज द्यायचा. मग मी मोकळा.

मंगळवार, ७ जानेवारी

दुकानात आम्ही तिघं. मालकीण काउंटरवर बसते. फोन उचलला की पहिलं वाक्य ठरलेलं, बोला, काय काम आहे, आणि ते अशा सुरात की समोरच्याने आपलं काम विसरावं. मिस्त्री मागच्या खोलीत डिस्क उघडतो. त्याने मला पहिल्याच दिवशी कविराज करून टाकलं. काय कविराज, जागे आहात का, असं तो दारातून ओरडतो आणि उत्तराची वाट न बघता पेचकस उचलतो. माझ्या आधीचा माणूस हुशार होता, असं तो दिवसभर सांगत होता. तुम्ही हुशार नाही, हे त्याने फक्त एकदाच सांगितलं, तेवढी त्याची माणुसकी.

काम मात्र फार गोड आहे. मेलेल्या डिस्कमधून फाईली निघतात त्या नागव्या निघतात. नाव गेलेलं, नावामागचं शेपूट गेलेलं. फोटो कुठला, गाणं कुठलं, पत्र कुठलं, काही कळायला मार्ग नाही. मग पायथन या संगणकाच्या भाषेत लिहिलेली एक स्क्रिप्ट पुढे सरसावते. ती प्रत्येक फाईलच्या तोंडची काही अक्षरं वाचते आणि आपल्या कोशात ताडून बघते. पीडीएफ असेल तर आरंभी टक्क्याचं चिन्ह आणि तीच तीन अक्षरं. गुंडाळलेलं पुडकं, म्हणजे झिप, असेल तर पी आणि के. फोटोची जोडी वेगळी, गाण्याची वेगळी. या आरंभाला इथे सही म्हणतात. ओळख पटली की फाईल आपापल्या कप्प्यात जाऊन बसते. दुकानाचा कायदा एकच: नावावर जायचं नाही, पोटात बघायचं. कुणी गाण्याला फोटोचं नाव दिलं तरी स्क्रिप्ट फसत नाही.

भाषाही मला भावली. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझा जन्म गेला आणि शेवटी शेवटी विरामचिन्हं सुधारायला मी असल्या छोट्या स्क्रिप्टा लिहीत असे, तेवढ्या पुंजीवर मालकिणीने मला ठेवलं. या भाषेत ओळ समासापासून किती आत सुरू होते यावर अर्थ ठरतो. ओळ सरकली की अर्थ सांडतो. कवितेच्या चरणासारखंच नाही का?

गुरुवार, ९ जानेवारी

दिवसभर स्वतःशीच हसत होतो. सही म्हणजे गण! आमचे गुरुजी फळ्यावर एक चरण लिहायचे आणि पहिली तीन अक्षरं म्हणताच आम्ही ओरडायचो, भुजंगप्रयात! लघू, गुरू, गुरू. साप सरपटायला लागला की ओळखू येतोच. एकदा मी असाच पहिल्या तीन अक्षरांवर उडी मारली आणि वृत्त निघालं शिखरिणी. तिचाही पहिला गण तोच. गुरुजींनी कान धरून सांगितलं, अरे, चरण पुरता होऊ दे, मग नाव घे. ते ऊन, तो खडूचा वास, बाकावर कोरलेली नावं... कुठे गेलं सगळं?

हिची डिस्क मी मिस्त्रीच्या हाती दिली. त्याने ती कानाशी नेऊन हलवली, नाक मुरडलं आणि बायकोची का, म्हणून विचारलं. हो म्हटल्यावर म्हणाला, जिवंतपणी ऐकलं नाहीत वाटतं. माणूस कडवट आहे, पण हात सोन्याचे आहेत म्हणतात.

शनिवार, ११ जानेवारी

इथली एक रीत आज कळली. स्क्रिप्टला जी फाईल ओळखता येत नाही ती अनोळखी नावाच्या कप्प्यात जाते आणि दर शनिवारी तो कप्पा न उघडता पुसून टाकायचा. कारण विचारलं तर मालकीण म्हणाली, जागा खातात. मिस्त्रीला विचारलं तर तो म्हणाला, उकिरड्यावरचं कुणी हुंगत नाही, आणि तुमच्या आधीच्या माणसाने हुंगलं होतं. त्याचं पुढे काय झालं, असं विचारल्यावर तो शीळ घालत आत गेला.

हिच्या डिस्कमधून फाईली निघाल्या, आणि सगळ्या अनोळखीत पडल्या! रेकॉर्डरची कंपनी कधीच बंद झाली, तिची सही कोशात कशी असणार? मी मालकिणीकडे एक दिवस मागितला. ती म्हणाली, एकासाठी रीत मोडली की सगळ्यांसाठी मोडते, आज संध्याकाळी कप्पा रिकामा दिसला पाहिजे.

ती जेवायला गेली तेवढ्यात मी फाईली उघडून त्यांची तोंडं बघितली. सगळ्यांची पहिली दोन अक्षरं सारखी, पुढे प्रत्येकीचं वेगळं. मग कोशात एक ओळ घातली: आरंभी ही दोन अक्षरं असतील, तर प्रकार 'ही'. कप्प्याचं नावही तेच ठेवलं. घरात मी तिला कधी नावाने हाक मारली नाही, इथे तरी कशी मारणार? मिस्त्री माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. दोन अक्षरं म्हणजे दार सताड उघडं, निदान आठ तरी घ्या, लांबी तपासा, शेवट तपासा, असं तो म्हणाला. प्रथमच त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पण मला घाई होती. स्क्रिप्ट चालवली. अनोळखी कप्पा पुसण्याआधीच आपोआप रिकामा झाला. सगळ्या फाईली 'ही'मध्ये जाऊन बसल्या.

तेव्हा मला आनंदच झाला.

रविवार, १२ जानेवारी

ऐकला! रेकॉर्डरबरोबर मिळालेला वाजवायचा प्रोग्राम मी लॅपटॉपवर जपून ठेवला होता. खोलीत ऊन आलं होतं. पहिलीच फाईल लावली आणि खोलीत ही उभी राहिली.

सांज उतरली कुंपणावरी, चिमणी निघते घरी;
चोचीमध्ये वाळली काडी, गाणे पंखांवरी.

तिचीच चाल, तोच 'घरी'वरचा हेलकावा, मागे मुलांची चुळबुळ आणि कुणालातरी खाली बस रे म्हणणं. मी पुन्हा पुन्हा ऐकलं आणि रडलो, ते चांगलं रडणं होतं.

मुलीला फोन केला. ती कामानिमित्त बाहेरगावी आहे, येत्या शनिवारी परतेल. फोनवरून वाजवू का, असं विचारलं तर म्हणाली, नको बाबा, तुमच्या शेजारी बसून ऐकायचंय. रुसवा गेला म्हणायचा.

मंगळवार, १४ जानेवारी

'ही'मधल्या फाईली वाढल्या आहेत.

पहिल्यांदा वाटलं, माझीच चूक. दोन अक्षरांची सही इतरांच्या फाईलींनाही लागू पडणारच, शिखरिणी आणि भुजंगप्रयात. परक्या फाईली बाजूला काढाव्यात म्हणून एक लावली. ती एका गिऱ्हाईकाच्या डिस्कमधली होती. त्या प्रोग्राममध्ये ती वाजायलाच नको होती.

ती वाजली. आवाज हिचा.

सांज उतरली कुंपणावरी, चिमणी निघते घरी, इथपर्यंत तोच हेलकावा. मग थोडी शांतता. मग त्याच चालीत, त्याच सुरात:

घर कुणाचे, घर कुणाचे, दार उघडा तरी.

ही असं काही कधी रचणार नाही. आणि मागे मुलांची चुळबुळ नव्हती. मागे काहीतरी पुष्कळ होतं, आणि ते सगळं अगदी स्तब्ध होतं.

बुधवार, १५ जानेवारी

दुकानात तमाशा झाला. एक बाई आली होती, तिच्या मुलाचे लहानपणचे फोटो आम्ही काढून दिले होते. फोटोंच्या जागी एका म्हातारीचा आवाज येतो, आणि ती आमच्या घराचा पत्ता विचारते, असं ती किंचाळून सांगत होती. तिला शांत करून मालकीण माझ्याकडे वळली. म्हातारपणी माणसं देवळात बसतात, तुम्ही माझ्या दुकानात बसून माझा सत्यानाश करताय, असं ती सगळ्यांदेखत म्हणाली. मी खाली मान घातली.

नंतर फोटोंचा कप्पा उघडून बघितला. जे फोटो परवा फोटोंच्या कप्प्यात नीट बसले होते, त्यांची तोंडं बदलली आहेत. फोटोची सही गेली. तिथे माझी दोन अक्षरं आहेत. पुढचं पोट निराळंच आहे. फोटोचंही नाही, हिचंही नाही.

मिस्त्रीने पडदा बघितला. मग म्हणाला, अनोळखीत जे पडायचं त्याला कुणी विचारत नव्हतं, म्हणून ते शनिवारी गुमान पुसलं जायचं. तुम्ही त्याला विचारलंत. आता ते तुमच्या बायकोचं तोंड लावून रांगेत उभं राहील. ती ओळ काढा, आणि कप्पा पुसा. सगळा. खऱ्यासकट.

मी म्हटलं, खऱ्यासकट कसा पुसू? पोरीला काय देऊ?

तो म्हणाला, खरी कुठली ते तरी सांगा.

गुरुवार, १६ जानेवारी

ओळ काढली. स्क्रिप्ट जपून ठेवली, बंद केली. पुन्हा उघडली तर ओळ तिथेच. पुन्हा काढली. पुन्हा तिथेच. समासापासून बरोबर तेवढीच आत.

खरी वेगळी काढायला बसलो. आरंभावरून ओळखू येत नाही, सगळ्यांचा आरंभ तिचा. शेवटपर्यंत ऐकावं लागतं. एक ऐकली, दुसरी ऐकली. आता ती पहिली ओळ झाल्यावर कविता म्हणतच नाही. माझ्याशी बोलते. तिच्याच समजुतीच्या सुरात म्हणते की मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या आणि घरातलं माणूस सुकत चाललेलं मला दिसलं नाही. म्हणते की पोर मला टाळते, आणि बरं करते. ही असं बोलत नसे. ही चिडली की भांडी आपटायची आणि पाच मिनिटांत हसायची.

ऐकता ऐकता मात्र वाटतं, बोलतही असेल. कुणास ठाऊक. हेच तर त्या अनोळखींना हवं आहे.

दुपारी मिस्त्रीने स्वतःहून 'ही'मधली एक फाईल लावली. मला शहाणपण शिकवायला लावली असावी. हिचा आवाज नव्हता. त्याची आई होती म्हणे, त्याला लाडाच्या नावाने हाका मारत होती. त्याने पेचकस टेबलावर ठेवला आणि ऐकत राहिला. शेवटपर्यंत. मग कुणाकडे न बघता बाहेर गेला, चपला न घालता.

शुक्रवार, १७ जानेवारी

मिस्त्रीच्या बायकोचा फोन आला. तो काल घरी पोचलाच नाही.

ती शोधायला निघणार तोच तो इथे आला. भर दुपारी, दारात उभा. काय कविराज, जागे आहात का. मला हायसं वाटलं, कधी नव्हे ते त्याला हो, जागा आहे म्हटलं, बायकोला फोन कर म्हटलं.

तो म्हणाला, काय कविराज, जागे आहात का.

पुढे काही नाही. डोळे माझ्यावर, हसू अर्धवट. मी त्याचा हात धरला, हलवला. काय कविराज, जागे आहात का. तोच सूर, तोच झटका. त्याच्यात तेवढाच उरला आहे. पहिलं वाक्य. त्यामागे काय उभं आहे ते मला —

तो जाऊन मागच्या खोलीत बसला. तिथून आवाज येत नाही. तो गेलेलाही नाही.

मालकीण आज आलीच नाही. मी तिला फोन केला. बोला, काय काम आहे. मी सगळं सांगितलं, हात जोडले, पोलिसांना बोलवा म्हटलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, बोला, काय काम आहे.

शनिवार, १८ जानेवारी, सकाळ

मुलीचा फोन. हसत होती, रडत होती. आईने फोन केला होता म्हणाली.

हो. आईने. रेकॉर्डिंग नाही बाबा, ती माझ्याशी बोलली, मला ओळखलं तिने, तुम्ही काय जादू केलीत. आणि आईने तिला इकडे बोलावलं आहे. बाबांच्या खोलीवर ये म्हणाली.

मी ओरडलो. येऊ नकोस. ती आई नाही. नुसता आरंभ तिचा आहे. पोर थंडपणे म्हणाली की आई गेली तेव्हाही तुम्ही मला लवकर कळवलं नाहीत, आताही ती तुम्हाला एकट्यालाच हवी आहे. फोन ठेवला. आता उचलत नाही.

तिच्या घरी जाऊन यावं म्हणून निघालो. जिन्याखाली मिस्त्री. वाट अडवून उभा. काय कविराज. ढकलून बघितलं. भिंत ढकलावी तसं.

वर आलो. कडी लावली.

शनिवार, दुपार

एकच उरलं आहे. 'ही'चा अख्खा कप्पा पुसायचा, ओळीसकट, स्क्रिप्टसकट, डिस्कसकट. तिचे खरे शब्द आत आहेत तोवर यांना लावायला तोंड मिळत राहणार. नमुना नाही, तर नक्कल नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगायला उरलंय कोण? लॅपटॉप वरच आहे, तोच दुकानाच्या यंत्राला जोडलेला. हुकूम लिहून ठेवला. एंटर दाबायचं बाकी.

एकदा शेवटचं ऐकावं म्हणून फाईली चाळल्या, आणि एक सापडली. खरी. मुलांची चुळबुळ, खाली बस रे, आणि अगदी शेवटी, रेकॉर्डर बंद करताना, ही स्वतःशीच म्हणते, आज बरं म्हटलं हं मी. मी हे आजवर ऐकलंच नव्हतं. शेवटपर्यंत कधी थांबलोच नव्हतो.

ही एक वाचवता येईल का? एकच. पोरीसाठी. दुसऱ्या कप्प्यात —

हलवली. हलवताच तिच्या तोंडची अक्षरं थरथरली. पुन्हा लावली. सांज उतरली कुंपणावरी. पुढे शांतता.

गेली.

शनिवार, नंतर

थाप. बाबा, मी आले, दार उघडा.

मुलगीच. आवाज तिचाच. पण आवाजाचं काय, सुरुवात कुणालाही येते. मी म्हटलं, पुढे बोल. ती म्हणाली, हे काय नवीन, धावत आलेय मी, पाय दुखताहेत माझे. हे तिचंच. मी म्हटलं, अजून बोल, थांबू नकोस, बोलत राहा बाळ, मी शेवटपर्यंत ऐकतो आणि मग —

ती रडायला लागली. रडण्यावरून काय ओळखणार.

फोन वाजतोय. मुलीचा. उचलला. बाबा, मी अजून रस्त्यात आहे, चुकलं माझं, तुम्ही म्हणताय ते खरं असेल, कुणालाही दार उघडू नका. श्वास लागलेला. हीच ती. हीच माझी. अशीच ती चूक कबूल करते, घाईघाईने.

दाराबाहेरची म्हणते, बाबा, कोणाशी बोलताय? माझ्या आवाजात कोण बोलतंय? उघडा, मला भीती वाटते.

एक खरी असेल. एक तरी. दोघींना म्हटलं, बोला. दोघी बोलताहेत. दोघींचं वाक्य पुरं होतंय. दोघींना तिचं लहानपण माहीत आहे. बोट एंटरवर ठेवलं, आधी हे संपवतो, मग जी उरेल ती माझी —

दोघी थांबल्या. एकदमच.

मग दारातून आणि फोनमधून, एका सुरात — पुसू नका, बाबा.

मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. पोरीलाही नाही. म्हणजे दारातली ती नाही. फोनवरचीही — मग माझी पोर कुठे आहे? सकाळी बोलली ती तरी — ती घरून निघाली होती का, की त्याआधीच —

दाबतो. दाबतो आणि तिला शोधायला —

बोट हलत नाही. कुणीतरी पुन्हा म्हणतंय. दारातून नाही, फोनमधूनही नाही. इतक्या जवळून, की माझी जीभ हलते आहे, माझ्याच घशातून, तिच्या आवाजात, पुसू नका, बा